रिकामा कप्पा

सन १९८३ च्या जून महिन्यात इंग्लंडात क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने झाले. त्यांत भारताचा संघ एकूण आठ सामने खेळला आणि २५ जून रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर वेस्ट इंडीजसारख्या बलाढ्य संघाचा ४३ धावांनी पराभव करून जगज्जेता ठरला. आता अशी कल्पना करा, की एखाद्या क्रिकेटवेड्या गृहस्थाने ह्या आठही सामन्यांची हलती चित्रे आपल्या घरी जमवण्याचा निश्चय केला आहे. त्याने भिंतीपाशी एक लाकडी मांडणी उभी केली, तिला आठ कप्पे पाडले, प्रत्येक कप्प्यावर सामन्याची तारीख आणि मैदानाचे नाव लिहिले, आणि तो फिती शोधावयास निघाला. तो कितीही हिंडला, कितीही पैसा त्याने खर्च केला, तरी त्यांतील एक कप्पा रिकामाच राहणार आहे. तो कप्पा १८ जूनचा.

त्या दिवशी टनब्रिज वेल्स ह्या गावी भारताची गाठ झिंबाब्वेशी होती. तेथील नेव्हिल मैदान रोडोडेंड्रॉनच्या फुलझाडांबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु भारतीय खेळाडूंना त्या सकाळी फुले पाहण्याची सवड मिळाली नाही. सुनील गावसकर शून्यावर बाद झाला, श्रीकांतही शून्यावर बाद झाला, आणि पाहता पाहता संघाची स्थिती पाच बाद १७ अशी झाली. मग कर्णधार कपिल देवने एका बाजूने जो किल्ला लढवला, त्याला तोड नाही. १३८ चेंडूंत त्याने नाबाद १७५ धावा काढल्या. त्यांत सोळा चौकार व सहा षटकार होते. एकदिवसीय सामन्यांत भारतीय खेळाडूने काढलेले ते पहिलेच शतक होय. नवव्या गड्यासाठी सय्यद किरमाणीने त्याला अखेरपर्यंत साथ दिली आणि दोघांनी अभंग १२६ धावा जोडल्या. साठ षटकांत भारताच्या आठ बाद २६६ धावा झाल्या व सामना ३१ धावांनी जिंकला.

हा पराक्रम मैदानावरील काही हजार लोकांनी पाहिला. त्यांच्याखेरीज तो कोणीही पाहिला नाही, आणि पुढेही कोणाला पाहता येणार नाही, कारण बी. बी. सी.चे कॅमेरे त्या दिवशी तेथे नव्हते. त्या संस्थेत त्या दिवशी संप होता, असे पुष्कळदा सांगितले जाते. कारण काहीही असो, त्या खेळीचे चलच्चित्र नाही, एवढे खरे.

कॅमेराच नसला तर इलाज नाही. परंतु कॅमेरे होते, चित्रे घेतली गेली, आणि तरीही ती नाहीशी झाली, अशीही उदाहरणे आहेत, आणि ती अधिक चटका लावणारी आहेत. दूरचित्रवाणीच्या पहिल्या काळात कार्यक्रम प्रक्षेपित झाला, की तो हवेत विरून जात असे. १९५६ साली अमेरिकेत चित्र साठवणारी चुंबकीय फीत वापरात आली. ती सुमारे पाच सेंटिमीटर रुंद असे आणि तिची किंमत भारी असे. मात्र तिचा एक गुण असा, की जुने चित्र पुसून तीवर नवे उतरवता येई. हा गुणच घातक ठरला. कालचा सामना सर्वांनी पाहिलेला आहे, तो पुन्हा कोण पाहणार, अशा हिशेबाने केंद्रचालक त्याच फितीवर दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम उतरवीत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण पाटीवरचे गणित सुटल्यावर आपणही पाटी पुसतोच.

१५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिस येथे अमेरिकन फुटबॉलच्या दोन मंडळांच्या विजेत्यांत पहिला महासामना झाला. (हा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा, त्यातील लंबगोल चेंडू बहुधा हातांत घेऊन धावावयाचे असते.) पुढे ‘सुपर बोल’ म्हणून गाजलेल्या स्पर्धेची ती सुरुवात होय. ग्रीन बे संघाने कॅन्सस सिटीवर ३५ विरुद्ध १० गुणांनी मात केली. हा सामना एक नव्हे तर दोन वाहिन्यांनी एकाच वेळी दाखवला, आणि दोहोंपैकी एकीनेही त्याची पूर्ण फीत जपून ठेवली नाही.

मग ती सापडली कोठे? पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका घराच्या माळ्यावर! त्या घरातील गृहस्थाने तो सामना स्वतः फितीवर उतरवून घेतला होता आणि ही फीत पुढेमागे मोलाची ठरेल असे सांगून ती घरी ठेवली होती. ते वारले, फीत कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. २०११ साली तिची वार्ता प्रसिद्ध झाली, तेव्हा न्यूयॉर्क येथील एका संग्रहालयाने ती दुरुस्त केलेली होती. तीत मध्यंतर नव्हते आणि तिसऱ्या सत्राचा काही भाग गाळलेला होता. बाकी सामना जवळजवळ सगळा होता. तथापि ती लोकांपुढे आली नाही. फीत त्या कुटुंबाची, परंतु तीवरील चित्रावर हक्क खेळाच्या मंडळाचा; एकाला दुसऱ्यावाचून ती दाखवता येईना, आणि किमतीविषयी दोघांचे जमेना. वाड्याची किल्ली एका भावाकडे आणि कुलूप दुसऱ्याच्या मालकीचे, असा हा पेच होय. शेवटी २०१६ साली त्या मंडळाच्या वाहिनीने दुसरा मार्ग धरला. निरनिराळ्या ठिकाणी पडलेले सिनेमाच्या फितींचे तुकडे गोळा करून त्यांतून सामन्यातील सर्व १४५ चाली क्रमाने जोडल्या आणि त्यांना त्या वेळच्या रेडिओवरील समालोचनाचा आवाज दिला.

याहूनही गमतीची कथा बेसबॉलची आहे. १३ ऑक्टोबर १९६० रोजी पिट्सबर्ग येथे अजिंक्यपदाच्या मालिकेतील सातवा, म्हणजे निर्णायक सामना झाला. प्रसिद्ध गायक व नट बिंग क्रॉस्बी हे पिट्सबर्ग संघाच्या मालकांपैकी एक होते. आपण सामना पाहिला तर आपला संघ हरेल, अशी धास्ती घेऊन हे गृहस्थ चक्क पॅरिसला जाऊन बसले! मात्र जाण्यापूर्वी सामन्याची चित्रे घेण्याची व्यवस्था त्यांनी केली. त्या काळी दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवून पडद्यावरचे चित्र टिपून घेत. ह्या रीतीला किनेस्कोप म्हणत. सामना नऊ-नऊ अशा बरोबरीत आला असता शेवटच्या डावात मॅझेरॉस्की ह्या खेळाडूने चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला आणि पिट्सबर्गने दहा विरुद्ध नऊ असा विजय मिळवला. क्रॉस्बी परत आले, त्यांनी चित्रफीत पाहिली, आणि तिची पाच रिळे कॅलिफोर्नियातील घराच्या तळघरात ठेवून दिली. १९७७ साली त्यांचे निधन झाले. २००९ साली कोणी जुन्या कार्यक्रमांच्या शोधात ते तळघर धुंडाळीत असता ही रिळे हाती लागली. कोरड्या व थंड जागी असल्यामुळे ती उत्तम स्थितीत होती. एका श्रीमंत माणसाच्या भित्रेपणाने एका सामन्याचे जतन झाले!

अर्थात घरी चित्रे टिपणे त्या काळी सर्वांना परवडण्यासारखे नव्हते. ही स्थिती पालटली ती १९७५ व १९७६ साली. त्या दोन वर्षांत जपानातील कंपन्यांनी बेटामॅक्स आणि व्ही. एच. एस. ही घरगुती यंत्रे बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, दूरचित्रवाणीवर रंगीत चित्रे दिसू लागली आणि त्या सुमारास शहरांतील काही घरांत ही यंत्रेही दिसू लागली. घरी बसून कार्यक्रम टिपून घेणे ही चोरी आहे काय, असा वाद अमेरिकेत उपस्थित झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार न्यायाधीशांच्या मताने असा निर्णय लागला, की पुढे सवडीने पाहण्यासाठी घरी टिपून घेणे हा गुन्हा नव्हे. प्रती काढून विकणे मात्र निराळे.

व्ही. एच. एस.ची फीत अर्धा इंच रुंद असते. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा लेप दिलेला असतो. यंत्रात एक तिरपा ढोल असतो; त्यावर चुंबकीय टोके बसवलेली असतात, आणि आपल्या देशातील पद्धतीत तो एका सेकंदात पंचवीस फेऱ्या घेतो. फीत त्याला वळसा घालून हळू हळू सरकत असताना ही टोके तिच्यावर तिरप्या रेघा ओढत जातात. एकेका रेघेत अर्धे चित्र असते. लेपातील कणांच्या चुंबकत्वाची दिशा बदलते, आणि तीच त्या चित्राची खूण. शाई नाही, रंग नाही. फीत डोळ्यांसमोर धरली तर तपकिरी पट्टीखेरीज काहीच दिसत नाही.

आता आपल्या मांडणीवाल्या गृहस्थाकडे वळू. हे काम वाटते तितके सरळ नाही. साधारण कॅसेट तीन तासांची; साठ साठ षटकांचा सामना तर दिवसभर चालतो. म्हणजे सामना चालू असताना कॅसेट बदलणे आले, आणि गडी बाद होण्याचा क्षण नेमका तेव्हाच यावयाचा! जाहिराती नकोत म्हणून कित्येक जण यंत्र मध्येच थांबवीत, आणि पुन्हा चालू करण्यास विसरल्यामुळे षटकाचा पहिला चेंडू गमावून बसत. आज जुन्या फिती पाहताना त्या गाळलेल्या जाहिरातींचीही हळहळ वाटते, कारण त्या काळचे कपडे, वाहने आणि बोलण्याची ढब त्यांतच होती. कोठे वीज गेलेली असते. कोठे घरातील दुसऱ्या कोणी त्याच कॅसेटवर सिनेमा उतरवलेला असतो.

म्हणून हे हौशी लोक एकमेकांशी पत्रव्यवहार करतात. एकाकडे सामन्याचा पूर्वार्ध असतो, दुसऱ्याकडे उत्तरार्ध. प्रतींची अदलाबदल होते. परंतु फितीवरून फीत काढली, की चित्र थोडे फिके पडते. तिच्यावरून पुन्हा काढली, की आणखी फिके. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत चेंडू दिसेनासा होतो आणि फलंदाज हवेत बॅट फिरवताना दिसतो. तेव्हा जाणता संग्राहक प्रथम विचारतो तो असा प्रश्न, की ही मूळ प्रत आहे, की प्रतीची प्रत? मग तो धावफलक पुढ्यात घेऊन बसतो आणि एकेक षटक ताडून पाहतो. जे आहे ते लिहितो; जे नाही तेही लिहितो. माझ्या मते ह्या सर्व खटाटोपात वहीतील ही नोंदच सर्वांत मोलाची आहे. अंतिम सामन्यात संधूच्या ज्या चेंडूवर ग्रीनिजने बॅट वर उचलली आणि यष्टी उडाली, तो कोणत्या कॅसेटवर व कोणत्या मिनिटाला आहे, हे लिहिलेले नसेल, तर दोनशे कॅसेटांच्या ढिगात तो असून नसल्यासारखाच.

फीत अमर नाही. दमट हवेत तिच्यावर बुरशी येते. कोकणात आणि मुंबईत तर पावसाळा चार महिने तिच्या मागे असतो. लेप धरून ठेवणारा पदार्थ ओलाव्याने चिकट होतो, फीत गुंडाळीत चिकटते, आणि जबरीने फिरवली तर लेप सोलून निघतो. फीत नीट राहिली तरी ती दाखवणारे यंत्र हवे. जपानातील फुनाई ह्या कंपनीने २०१६ च्या जुलैअखेर व्ही. एच. एस.ची यंत्रे करणे बंद केले. तिच्यानंतर ती करणारे कोणी उरले नाही. जुनी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीरही आता विरळा झाले आहेत. म्हणून कपाटात पडलेल्या फिती संगणकावर उतरवून घ्याव्या लागतात. हे काम धीराचे आहे, कारण तीन तासांची फीत उतरवावयास तीन तासच लागतात. तिला घाई करता येत नाही.

राहता राहिला तो १८ जूनचा कप्पा. त्यात काय ठेवावे? त्या दिवशीची काही छायाचित्रे आहेत, ती ठेवता येतील. २०२१ साली त्या विश्वचषकावर एक चित्रपट निघाला. त्यात ही खेळी नटांनी पुन्हा खेळून दाखवली आहे. तो पाहावयास कोणाची हरकत नाही, पण तो दुसऱ्या कप्प्यात ठेवावा हे बरे. येथे धावफलकाची नक्कल पुरे आहे. तीत गावसकर शून्य, श्रीकांत शून्य, अमरनाथ पाच, पाटील एक, यशपाल शर्मा नऊ असे आकडे एकाखाली एक आहेत, आणि त्यांच्याखाली लिहिले आहे: कपिल देव, नाबाद १७५.