तथापि, म्हणून आणि स्वल्पविराम

इंग्रजी अमदानीत मायदेशी परतणारे गोरे सोल्जर देवळाली कॅम्पात बोटीची वाट पाहत पडून राहत आणि कंटाळून भ्रमिष्टासारखे वागत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला, तो आजही कोशात आहे. देवळालीनं इंग्रजीला शब्द दिला. मराठीला इंग्रजीकडून मिळाला तो स्वल्पविराम. मेजर थॉमस कँडी या लष्करी गृहस्थांनी १८५० साली मराठीत विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली. चिन्ह तेच, पण दोन्ही भाषांत त्याचं काम अगदी सारखं नाही. आपले विद्यार्थी अडखळतात ते इथंच, आणि विशेषतः क्रियाविशेषणाशी.

समजा, नोकरीसाठी कुणाला दाखला द्यायचा आहे. ‘ही हँडल्ड द कॅश ऑनेस्टली’ असं लिहिलं, तर त्यानं पैशांचा व्यवहार प्रामाणिकपणे केला. तेच ‘ऑनेस्टली, ही हँडल्ड द कॅश’ असं लिहिलं, की अर्थ होतो: खरं सांगायचं तर, रोकड त्याच्याच हातात होती! साहेबाच्या मनात नको ती शंका यायची.

मराठीत ‘प्रामाणिकपणे’ आणि ‘खरं सांगायचं तर’ असे दोन निराळे प्रयोग आहेत. इंग्रजी एकाच शब्दावर भागवते आणि फरक त्याच्या जागेवर नि स्वल्पविरामावर सोपवते. म्हणून आधी मराठीत विचारावं: हा शब्द क्रिया कशी झाली ते सांगतो, की साऱ्या वाक्याबद्दल सांगणाराचं मत सांगतो? मत असेल आणि शब्द आरंभी असेल, तर पुढं स्वल्पविराम. ऑफन, ऑल्वेज, सून यांना बहुधा काहीच लागत नाही.

खरी खोड ‘हाउएव्हर’ची. ‘पाऊस पडला, तथापि विहीर भरली नाही’ हे मराठीत बिनचूक. त्याच चालीवर मुलं ‘इट रेन्ड, हाउएव्हर द वेल डिड नॉट फिल’ लिहितात, ते चूक. ‘हाउएव्हर’ दोन वाक्यं जोडू शकत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नंतर स्वल्पविराम. ‘देअरफोर’चंही तसंच. जोडायचंच असेल तर ‘बट’ घ्यावं; त्याच्या आधी स्वल्पविराम चालतो, नंतर नको. ‘हाउएव्हर’ वाक्याच्या मधोमध आला, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. आणि ‘हाउएव्हर ही ट्राइड, द पंप डिड नॉट स्टार्ट’ इथं त्याच्यालगत काहीच नाही, कारण तिथं अर्थ ‘कशीही खटपट केली तरी’ असा आहे.

शिक्षकांनी अशी वाक्यं फळ्यावर लिहिण्याआधी मोठ्यानं वाचावीत. थांबा कुठं येतो, तो मुलांच्या कानाला चटकन कळतो. उद्या वर्गात ही जोडी देऊन पाहा: ‘हॅपिली, द चिल्ड्रन वेंट होम’ आणि ‘द चिल्ड्रन वेंट होम हॅपिली’. मग विचारा, मुलं हसत घरी गेली ती कोणत्या वाक्यात?