सुलतान खान – कापाब्लांका, हेस्टिंग्ज १९३०-३१

सुलतान खान विरुद्ध कापाब्लांका हा इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे १९३०-३१ च्या ख्रिसमस स्पर्धेत खेळला गेलेला बुद्धिबळाचा डाव आहे. पंजाबचे सुलतान खान यांनी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना माजी जगज्जेते (१९२१-२७) होजे राउल कापाब्लांका यांना ६५ खेळ्यांत हरवले.

नवाब सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले सुलतान खान लहानपणी हिंदुस्थानी नियमांचे बुद्धिबळ शिकले होते. त्यात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाते. पाश्चात्त्य ओपनिंगचे अपुरे ज्ञान ही त्यांची उणीव मानली जाते. या डावाच्या आरंभात मात्र ती जाणवत नाही.

ओपनिंग

डाव क्वीन्स इंडियन बचावाचा आहे: १. घोडा एफ३ घोडा एफ६ २. डी४ बी६ ३. सी४ उंट बी७ ४. घोडा सी३ ई६ ५. ए३. या बचावात काळा मधली घरे प्याद्यांनी लगेच न व्यापता बी७ वरील उंट व एफ६ वरील घोडा यांच्या जोरावर ई४ घर रोखून धरतो. दुसरा उंट बी४ वर आणून सी३ वरील घोडा जखडणे हा त्याचा पुढचा बेत असतो. ए३ या खेळीने तो बंद होतो. वरवर संथ दिसणारी ही पद्धत पुढे तिग्रान पेत्रोस्यान यांच्या नावाने ओळखली गेली आणि १९८० च्या दशकात गॅरी कास्पारोव्ह यांनी ती यशस्वीपणे वापरली.

डावाचा ओघ

सुलतान खान यांनी कॅसलिंग न करता राजाच्या बाजूची प्यादी पुढे रेटली. एकविसाव्या खेळीपासून कापाब्लांका यांनी सी पट्टीवरून दोन्ही हत्ती आत घुसवून शह दिले. त्या चकमकीत पांढऱ्याने वजीर देऊन दोन हत्ती मिळवले. मोकळ्या पटावर असा वजीर धोकादायक ठरतो, पण येथे डी आणि ई पट्ट्यांवरील प्यादी एकमेकांना भिडून अडकली होती. काळ्याचा बी७ वरील उंट स्वतःच्याच डी५ प्याद्यामागे कोंडला गेला आणि एकमेव मोकळी सी पट्टी पांढऱ्या हत्तींच्या ताब्यात गेली. उरलेल्या चाळीस खेळ्या म्हणजे या कोंडीतून सुटण्याची कापाब्लांका यांची धडपड होय.

स्पर्धेत मॅक्स यूवे पहिले, अर्ध्या गुणाने मागे राहिलेले कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. सुलतान खान १९३३ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतले व स्पर्धात्मक बुद्धिबळापासून दूर गेले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. फिडेने सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये.