भाजल्यापासूनचे आठ तास

‘किती टक्के भाजलंय?’ जळीत कक्षाबाहेर नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. बातमीतही टक्केच छापतात. हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाचं डोकं-मान ९ टक्के, एकेक हात ९, एकेक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८. सुट्या डागांसाठी रुग्णाचाच बोटांसकट तळहात, साधारण १ टक्का. पण तेवढेच टक्के भाजलेली धडधाकट तरुणी श्रीमंत देशात जगते आणि आपल्याकडे दगावते, असं का?

मोठं भाजलं की अंगभरच्या केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी पाझरू लागतं, रक्तदाब कोसळतो. वजन ५० किलो आणि भाजणं ४० टक्के असेल, तर पार्कलंड सूत्रानं पहिल्या २४ तासांत सुमारे ८ लिटर सलाईन लागतं, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. मेख इथेच आहे. हे तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नव्हे. गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाण्यातच ते सरतात.

त्यात घरचे उपचार! २० मिनिटं वाहतं पाणी सोडून टूथपेस्ट, हळद, शाई सगळं लावून होतं. तो लेप धुऊन निघेपर्यंत टक्केही मोजता येत नाहीत.

भाजतं कोण? भारतात २००१ साली आगीनं सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २००९च्या ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासात आहे. पोलिसांच्या नोंदींच्या तो सहापट. त्यात १ लाख ६ हजार स्त्रिया, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. जमिनीवरचा स्टोव्ह, सुटा पदर ही कारणं खरीच. पण ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांआड सासरचा छळही लपतो.

पहिले दिवस निभावले तरी जंतुसंसर्गाची टांगती तलवार असते, आणि पट्टी बदलताना जीव जातो की काय असं होतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी पट्टीऐवजी निर्जंतुक केळीचं पान वापरून पाहिलं. स्वस्त, आणि जखमेला न चिकटणारं.

जखम भरताना कातडी आखडते. हनुवटी छातीकडे ओढली जाते, कोपर उघडत नाही. व्यायाम, स्प्लिंट, पुन्हा शस्त्रक्रिया, यासाठी महिनोन्महिने खेपा घालाव्या लागतात. दर खेपेला एसटीचं भाडं, आणि सोबत येणाऱ्याच्या मजुरीचा खाडा.