अनोळखी कार्बाइड इन्सर्टची ओळख

जुन्या मालाच्या लिलावात डबीवाचून हाती आलेला कार्बाइडचा इन्सर्ट निनावी वाटला, तरी आयएसओ १८३२ या प्रमाणानुसार त्याच्या आकृतीतच त्याची बहुतेक दप्तरनोंद असते. 'सीएनएमजी १२०४०८' हे परिचित नाम घ्या: पहिले अक्षर ८० अंशांचा समभुज चौकोन सांगते, दुसरे शून्य अंशाचा क्लिअरन्स, तिसरे मापांतील अनुज्ञेय तफावत, चौथे छिद्र व चिपब्रेकर यांची रचना, पुढील आकडे अनुक्रमे कडेची लांबी, ४.७६ मिमी जाडी आणि टोकाची ०.८ मिमी त्रिज्या दर्शवितात.

खरे कुतूहल 'केएनयूएक्स १६०४०५'चे. ज्याला मधोमध छिद्र नाही, ज्याचा कोन ५५ अंशांचा असूनही लगतच्या बाजू असमान आहेत, आणि ज्याच्या माथ्यावर चिप मोडणारी खाच कोरलेली आहे, असा समांतरभुज तुकडा आढळल्यास तो याच कुळातील असावा, असे मानण्यास हरकत नाही. तो वरून क्लॅम्पने आवळला जातो; डावा-उजवा हा भेद न पाहता घेतल्यास आपल्या होल्डरात तो निरुपयोगी ठरतो. त्यातील 'एक्स' म्हणजे विशेष रचना, म्हणून तेथे निर्मात्याची सूची पाहणे क्रमप्राप्तच. 'एलएनयूएक्स ३०१९४०' हा जाडजूड आयत तर रेल्वेची झिजलेली चाके पुन्हा कातण्यासाठी योजलेला; घरगुती लेथला त्याचा उपयोग नाही, पण संग्रहात तो अवश्य असावा!

केवळ लेपाच्या रंगावरून मात्र ग्रेडचा निर्णय करू नये, कारण टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर परस्परभिन्न ग्रेडांवर सारखाच झळकतो.