कडुनिंब गेले, ऊन आले

"डॉक्टरसाहेब, रात्री झाडाखाली झोपलं की कार्बन डायऑक्साइडने माणूस गुदमरतो म्हणे?" उन्हाळा लागला की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. गुदमरत नाही. रात्री पाने हा वायू सोडतात हे खरे, पण उघड्या हवेत तो विरून जातो. आपण सोडलेल्या श्वासात तो सुमारे ४ टक्के असतो, बाहेरच्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के. झाडाखाली झोपताना विंचूकाट्याची काळजी घ्यावी, वायूची नव्हे.

मग त्याच्या नावाने एवढी ओरड कशासाठी? हा वायू उष्णता धरून ठेवतो. १९५८ साली हवाई बेटांवर मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. कोळसा, डिझेल आणि जंगलतोड यांनी पृथ्वीवर आणखी एक गोधडी चढवली. तिचा ताप आमच्याकडे मे महिन्यात येतो.

गेल्या मे महिन्यात सत्तरीचे एक गृहस्थ दुपारी एस.टी.ची वाट पाहत उभे होते. थांब्यावरचे जुने कडुनिंब रस्तारुंदीत गेले होते, बुंधे वीटभट्टीवर. (वाळल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. साठ वर्षे साठवलेला तो एका हंगामात धूर होऊन परत हवेत!) तासाभराने ते कोसळले. दवाखान्यात आणले तेव्हा ताप १०६, बडबड असंबद्ध. कपडे सैल करून अंगावर ओली चादर टाकली, पंखा लावला, काखेत व जांघेत बर्फ ठेवला आणि गाडीने रुग्णालयात धाडले. ते वाचले. पण मेंदूचा तोल सांभाळणारा भाग उन्हाने दुखावला. आजही भिंत धरून चालतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. आधी अंग गार करा, त्याच वेळी १०८ ला फोन करा.

झाडे तोडली तर बदली रोपे लावतो, असे सांगण्यात येते. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. रोपे लावावीत, जरूर लावावीत. कार्बनच्या हिशेबाला माळरानावरचे झाडही चालते. पण माळावरची सावली थांब्यावरच्या म्हाताऱ्याला काय कामाची? ती माणूस उभा राहतो तेथेच पडली पाहिजे. दुपारचे ऊन पश्चिमेकडून येते, तेव्हा झाड थांब्याच्या पश्चिमेला हवे. कडुनिंब, करंज, पिंपळ, जे आपल्या मातीत तगते ते. पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावे, शेळ्यांपासून जपावे आणि निदान दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे. फोटो काढून घरी गेलेल्यांची रोपे मी जळताना पाहिली आहेत.

तेच गृहस्थ परवा नातवाला धरून रक्तदाब तपासायला आले होते. म्हणाले, "करंजाचं रोप आणून ठेवलंय साहेब. पण थांब्यावर खड्डा कुणाला विचारून खणायचा?"