क्रोशाला खळ देताना

क्रोशाची सुई शेवटच्या टाक्यातून बाहेर येते, दोरा कापला जातो आणि हातात जे उरतं त्याला कमळ म्हणणं अवघड असतं. पाकळ्या एकमेकींत गुरफटलेल्या, कडा आत वळलेल्या, टेबलावर ठेवलं की सगळं पसरलेलं. साखळ्या मोजून घातलेल्या असतात, एकही खांब चुकलेला नसतो, तरी दोरा आपल्या वजनानेच खाली बसतो. कमळ उभं राहतं ते पुढच्या टप्प्यात, आणि तो टप्पा विणकामाच्या पिशवीत नाही, गॅसवरच्या पातेल्यात असतो.

बदलापुरात हे काम आषाढ-श्रावणात येतं. गणपतीमागची कमान, दारावरचं तोरण, जास्वंदीची फुलं, गौरींपुढचे रुमाल, सगळं भाद्रपदाआधी तयार हवं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि कापडी, विणलेल्या आराशीकडे अनेक घरं वळली. विणायला वेळ सापडतो तो गाडीत. मुंबईच्या सीएसएमटीपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. लोकलने एका बाजूला दीड तासाच्या आसपास वेळ जातो. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, पोथी वाचली जाते आणि बसायला जागा मिळाली तर क्रोशाही चालतो. सुई लहान, गुंडा पर्समध्ये मावणारा. शिवाय क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर असतो, त्यामुळे कल्याणच्या गर्दीत हात थांबवावा लागला तरी काम उसवत नाही.

विणणं गाडीत होतं. खळ मात्र घरी, आणि तीही सुट्टीच्या दिवशी.

यात नवं काही नाही. लग्नाच्या रुखवतात क्रोशाची टोपली, फुलदाणी मांडण्याची हौस जुनी आहे. टोपली उभी राहावी, तिचा कान झुकू नये म्हणून ती साखरेच्या दाट पाकात बुडवून वाटीवर पालथी वाळवली जाई. धोतर, नऊवारी, गांधी टोपी यांना घरीच खळ दिली जायची. भाताची पेज त्यासाठी वेगळी काढलेली असे, आणि त्याच पेजेत क्रोशाचे रुमालही बुडायचे. दूर इंग्लंडात हीच गोष्ट पैसे मोजून शिकावी लागत होती. १५६४ साली फ्लँडर्सहून लंडनला आलेली डिंगेन व्हान डेर प्लासे ही बाई गळ्याभोवतीच्या चुणीदार कॉलरींना खळ देण्याची विद्या फी घेऊन शिकवत असे.

बदलापूरच्या मांजर्लीतल्या एका घरात ती आजही फुकट शिकायला मिळते. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीला पावसाळ्यासाठी प्लॅस्टिक बांधलेलं आहे आणि रविवारी दुपारची जेवणं आटोपली की ओटा घरच्या काकूंच्या ताब्यात असतो. दोन चमचे साबुदाणा सकाळीच भिजत घातलेला असतो. दोन कप पाण्यात तो मंद आचेवर चढतो, आणि पुढे काकू ढवळणं सोडत नाहीत. पाणी आधी दुधाळ होतं, मग दाण्यांच्या कडा विरतात आणि मधला पांढरा ठिपका तेवढा उरतो. तो ठिपकाही गेला की गॅस बंद. जुन्या मलमलीच्या तुकड्यातून ही खळ गाळली जाते, कारण एखादा न विरलेला दाणा पाकळीवर बसला तर वाळल्यावर तो फोडासारखा दिसतो. दाटपणा पाहायचा चमच्याच्या पाठीवर: थर टिकला पाहिजे, त्यात बोटाने ओढलेली रेघ मिटता कामा नये.

खळ कोमट झाली की कमळ आधी साध्या पाण्यात भिजवून पिळलं जातं आणि मगच खळीत जातं. कोरडा दोरा खळ जिथे लागेल तिथे अधाशीपणे ओढतो, डाग पडतात. ओला दोरा ती सगळीकडे सारखी घेतो. दोन्ही तळव्यांमध्ये दाबून जास्तीची खळ काढायची, टॉवेलवर टिपायची. जाळीच्या भोकांत खळीचा पातळ पडदा धरतो, तो फुंकर मारून मोकळा करायचा. नवशिके हे फुंकर मारणं विसरतात, आणि वाळल्यावर तो पडदा सुईने टोचून काढताना दोऱ्याचा पीळ उकलतो.

पातेल्यात जे घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च. थंड पाण्यात त्याचे कण विरघळत नाहीत, नुसते तळाशी बसतात. पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पोहोचलं की कण फुगतात, फुटतात आणि आतल्या लांबलचक साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात. सूत म्हणजे सेल्युलोज. सेल्युलोज आणि स्टार्च, दोन्ही ग्लुकोजच्याच कड्यांनी बनलेले. त्यामुळे पाणी उडून गेलं की स्टार्चच्या साखळ्या सुताला घट्ट बिलगतात आणि तंतू एकमेकांवरून घसरायचे थांबतात. भिवंडीच्या मागांवर जाण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंग करतात तेही याच तत्त्वावर: खळ घेतलेलं सूत मागाचं घर्षण सोसतं, तुटत नाही. मका आणि गव्हाची खळ वाळल्यावर किंचित धुरकट दिसते, साबुदाण्याची बरीच पारदर्शक राहते. लाल जास्वंदीला मैद्याची खळ दिली तर फूल पिठाळलेलं वाटतं. पांढऱ्या मोगऱ्याला ती चालून जाते, वर निळीचा एक थेंब टाकला तर शोभूनही दिसते.

मात्र दोरा सुती हवा, आणि बरंचसं काम फसतं ते याच ठिकाणी. बाजारात तोरणांसाठी सर्रास मिळणारी रंगीत लोकर बहुतेक वेळा मेंढीची नसते, ॲक्रिलिकची असते. ॲक्रिलिक पाणी जवळजवळ पीतच नाही, मग खळ त्याच्यात शिरणार कुठून? ती वर पापुद्र्यासारखी बसते आणि हात लागला की भुग्याने झडते. रेशमी झळाळीच्या रेयॉनची अडचण वेगळी आहे. जवळच्या शहाडमधल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यामुळे या पट्ट्याला रेयॉन काही परकं नाही. तेही सेल्युलोजच, खळ छान घेतं, पण ओलं असताना त्याची ताकद जवळपास निम्मी होते. सुताचं उलट आहे, ओलं सूत अधिक मजबूत. म्हणून रेयॉनचं फूल पिळायचं नाही, फक्त टिपायचं. क्रोशासाठी सगळ्यांत भरवशाचा मर्सराइज्ड सुती दोरा, २० किंवा ४० नंबरचा. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. इंग्लंडच्या जॉन मर्सरने १८४४ च्या सुमारास शोधलेल्या कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेमुळे असा दोरा रंगही जास्त पितो आणि खळही.

आकार देण्याचं काम पाटावर होतं, आणि पाट म्हणजे टीव्हीच्या खोक्यातून आलेला जुना थर्माकोल. आराशीत त्याला बंदी असली तरी टाचण्या रोवायला याच्याइतकं सोयीचं काही सापडत नाही. त्यावर कागद, कागदावर कंपासने काढलेलं वर्तुळ, ४५ अंशांवर आखलेल्या आठ रेघा, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक. प्रत्येक पाकळीचं टोक आपापल्या रेघेवर ओढून टोचायचं. साध्या टाचण्या पावसाळ्यात रात्रभर ओल्या खळीत राहिल्या की सकाळी प्रत्येक टोकावर गंजाचा तांबूस ठिपका असतो, म्हणून काकू बांबूच्या दातकोरण्या वापरतात. उभ्या पाकळ्यांसाठी वाट्या पालथ्या घातल्या जातात, त्यांनाही प्लॅस्टिक गुंडाळलेलं.

एवढं सगळं झाल्यावर खरी परीक्षा हवेची. एका बाजूला उल्हास नदी, जवळच बारवी धरण, दुसऱ्या बाजूला डोंगर. पाऊस इथे मुक्कामालाच येतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, ती याच उल्हासच्या पाण्यात. अशा दिवसांत दाट खळीचं फूल दोन दोन दिवस चिकट राहतं, त्याला आंबूस वास सुटतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशीचे काळे टिपके दिसू लागतात. त्यामुळे श्रावणातली खळ पातळच ठेवावी लागते. एक पातळ हात, पंख्याखाली पूर्ण वाळवणं, मग दुसरा पातळ हात. हेअर ड्रायरने घाई केली तर वरची साय आधी कडक होते आणि आत ओल कोंडते. खळ रोज ताजी करायची. शिळी खळ दाटते, पाणी सोडते आणि दोऱ्यावर गुठळ्या धरते. काही जणी खळीत चिमूटभर टाकणखार घालतात. त्याने चकाकी येते आणि बुरशीलाही अटकाव होतो. मात्र टाकणखार पोटात जाता कामा नये, म्हणून लहान मुलांच्या घरात किंवा नैवेद्याच्या ताटाखालच्या रुमालाला तो नको.

रुखवताचा साखरेचा पाक याच हवेपुढे हरतो. लग्नं बहुतेक कोरड्या दिवसांत होत, तोवर पाकातली टोपली दिमाखात उभी राही. पण हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की साखर हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागते. जुलैच्या बदलापुरात ही हद्द सहज ओलांडली जाते. टोपली बसकण मारते, आणि तिच्यापर्यंत मुंग्यांची रांग आधीच पोहोचलेली असते.

“काकू, सरळ फेविकॉल लावू या ना?” शेजारची कॉलेजातली मुलगी विचारते.

“लाव की. पण ते धुवायचं कसं ते मग तू सांग.”

प्रश्न रास्त आहे, दोघींचाही. पांढरा गोंद तितक्याच पाण्यात मिसळून लावला की काम तासाभरात होतं, ढवळणं नाही, गाळणं नाही, मुंग्या नाहीत. फेविकॉल १९५९ पासून बाजारात आहे आणि आज विकण्यासाठी फुलं करणाऱ्या बहुतेक जणी तोच वापरतात. ग्राहकाला फूल पुढच्या वर्षीही तसंच कडक हवं असतं, कुरिअरने पाठवताना ते चेपता कामा नये. त्यांची निवड समजण्यासारखी आहे. पण हा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, एक प्रकारचं प्लॅस्टिकच. साधारण ३० ते ४० अंशांच्या दरम्यान त्याचा थर मऊ पडू लागतो, आणि बदलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. माळ्यावरच्या खोक्यात एकावर एक रचलेली फुलं तेव्हा एकमेकींना चिकटतात. धूळ थरात रुतते. धुवायला जावं तर गोंद धड निघत नाही, पांढरा होऊन फुगतो. चार-पाच वर्षांत फूल टाकून द्यावं लागतं, आणि त्याबरोबर दोऱ्यात विणलेले कित्येक तासही जातात.

खळीची गंमत अशी की ती निघते. फूल मळलं, चेपलं, पाकळी वाकडी वाळली, काहीही झालं तरी कोमट पाण्यात तासभर बुडवून चोळलं की दोरा पुन्हा पहिल्यासारखा मऊ, आणि काम पुन्हा पाटावर. विकायचं नसेल, घरच्या गणपतीसाठी करायचं असेल, तर खळच द्यावी. नीट विणलेलं सुती फूल तिच्या जोरावर वीस वर्षं सहज निघतं.

खळ काढण्याचंच काम शेजारच्या उल्हासनगरात मोठ्या प्रमाणावर चालत आलं आहे. कॅम्प नंबर पाचमध्ये शिवल्या जाणाऱ्या जीन्सच्या कापडात सायझिंगचा स्टार्च असतो. धुलाईची पहिली पायरी म्हणजे तो उतरवणं, आणि त्यासाठी अमायलेज हे विकर वापरतात. आपल्या लाळेतही तेच असतं, भात चावता चावता गोड लागतो तो त्याच्यामुळे. या धुलाई कारखान्यांचं रंगीत सांडपाणी वालधुनी नदीत गेलं आणि त्यांच्यावर कारवाई झाली, ती वेगळी दुखरी कहाणी. घरी मात्र विकराची गरज पडत नाही. नुसतं पाणी आणि थोडा धीर पुरतो.

हा धीर विसर्जनानंतर लगेच दाखवावा लागतो, कारण स्टार्च म्हणजे शेवटी अन्नच. खळीसकट ठेवलेल्या फुलांवर झुरळं येतात, कसर लागते, ती खळीबरोबर सुतालाही कुरतडते. पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी. पण ते विषारी, हाताळायच्या वस्तूत त्याचं काम नाही. त्यामुळे गौरी-गणपती गेले की काकूंकडे आरास धुतली जाते, सावलीत वाळते आणि चपटी घडी होऊन जुन्या सुती साडीत जाते. वर्षभर ही सगळी कमान, तोरण, तीस-चाळीस फुलं एका बिस्किटाच्या डब्यात मावतात. कडक फुलांना एवढ्यासाठी अख्खं कपाट लागलं असतं.

दसरा झाला की पातेलं पुन्हा चढतं, या वेळी आकाशकंदिलासाठी. हवा कोरडी झालेली असते, खळ दाट चालते. विणलेली गोल पिशवी खळीत बुडवून फुग्यावर चढवायची. फुगा पिशवी ताणून बसेल इतका जास्तच फुगवायचा, कारण रात्रीतून तो थोडा बसतो आणि त्याबरोबर कंदीलही सुरकुततो. वाळल्यावर फुगा टाचणीने फोडायची घाई नको. पेन्सिलीच्या बोथट टोकाने जाळीच्या भोकांतून तो सगळीकडून आत ढकलत सुटा करायचा, मग गाठीपाशी बारीक छेद देऊन हवा हळूहळू सोडायची. एकदम फोडला तर चिकटलेलं रबर जाळीला आत खेचतं आणि खळ तडकते. सूत आणि स्टार्च दोन्ही पेट घेणारे, म्हणून आत पणती किंवा जुना पिवळा बल्ब चालत नाही, कमी वॉटचा एलईडीच लावायचा, आणि तोही जाळीला टेकणार नाही असा तारेने मधोमध टांगून.