ग्राफिक्स कार्डाची सोयरीक

दिवाळीच्या तोंडावर मध्यमवर्गीयाच्या घरात जो पैसा येतो तो उभ्या उभ्याच येतो. टेकायला त्याला सवड नसते. पूर्वी त्याची वाट ठरलेली असे. कपडे, फराळ, आणि काही उरलेच तर शिलाईचे यंत्र नाहीतर रेडिओ. हल्ली घरातली तरुण मंडळी त्याच्या वाटेवर आधीपासून बसलेली असतात, आणि त्यांची मागणी ऐकून वडीलधाऱ्यांना प्रथम काही बोधच होत नाही. "बाबा, यंदा ग्राफिक्स कार्ड घेऊ या ना!" ज्यांच्या लेखी कार्ड म्हणजे एक तर रेशनचे नाहीतर बँकेचे, त्यांनी या तिसऱ्या कार्डासाठी पंधरा-वीस हजार रुपये का मोजावेत, हे त्यांना कळले तरी पाहिजे. मुलांना ते बहुधा समजावून सांगता येत नाही आणि दुकानदाराला तेवढा वेळ नसतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

हे कार्ड करते काय, ते आधी पाहू. आपल्या संगणकाच्या पडद्यावर जे चित्र दिसते ते बारीक ठिपक्यांचे असते. नेहमीच्या पडद्यावर १,९२० आडवे आणि १,०८० उभे, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागते. गुणाकार केला तर दर सेकंदाला बारा कोटींवर ठिपके भरतात! संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या हुशार हेडक्लार्कासारखा असतो. कोणतेही किचकट काम द्या, तो ते चटकन उरकील. पण एका वेळी फार तर सहा-आठ. ग्राफिक्स कार्ड म्हणजे गिरणीतले साचेखाते. आम्हा प्रभादेवीकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. भोवतालच्या गिरण्यांच्या जागी आता उंच मनोरे उभे असले तरी जुन्या मंडळींच्या कानांत साच्यांचा खडखडाट अजून आहे. एकटा साचा काही मोठा बुद्धिमान नसतो. पण शेकडो साचे एकदम तेच ते काम करू लागले की ताग्यांमागून तागे बाहेर पडतात. ज्या कार्डाची गोष्ट पुढे यायची आहे, त्यात असे २,३०४ साचे आहेत.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, जरी ती ऐकून घरातली मुले माझ्यावर रुष्ट होतील. पुष्कळ घरांना या कार्डाची गरजच नसते. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रपट पाहणे, परदेशी असलेल्या नातवाशी बोलणे, एवढ्यापुरते चित्र रंगवण्याची सोय बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातच असते. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते त्यात ती नसते, हे ध्यानात ठेवावे.) यंत्र सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, ही तक्रार असेल तर दोष चित्राचा नव्हे, जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवावी. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घालावी. पोटातल्या ग्राफिक्सलाही तिचा चांगला उपयोग होतो. दुखणे पोटाचे आणि औषध डोळ्यांत, असा प्रकार करून पंधरा हजार घालवणारी घरे मी पाहिली आहेत.

परंतु काही घरांत दुखणे खरेच डोळ्यांचे असते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. आजोबा गिरणीत होते, वडील बँकेत आहेत आणि मुलगी वास्तुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिला इमारतींचे नकाशे काढून त्यांवरून हुबेहूब चित्र तयार करावे लागते. उन्हाची तिरीप कुठून येईल, भिंतीवर सावली कशी पडेल, काच कशी चमकेल, हे सगळे संगणकाने मोजून काढायचे. त्याला रेंडर म्हणतात. ब्लेंडर नावाची फुकट मिळणारी प्रणाली ती त्यासाठी वापरते. घरातला संगणक २०१८ सालचा, त्याला कार्ड नाही. त्यामुळे सगळा भार बिचाऱ्या हेडक्लार्कावर. एक चित्र रात्रभर चाले. दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत पंख्याची घरघर आणि त्याच खोलीत आजीचे अंथरूण. सकाळी पाहावे तर एखादी खिडकी चुकलेली, की पुन्हा एक रात्र. कॉलेजात काम दाखवण्याची तारीख काही पुढे जात नसे. मुलीने दोनदा अपुरे काम दिले आणि मग वडील माझ्याकडे आले.

"सर, तुम्ही मराठीचे. पण तुमच्या घरी हे सगळं तुम्हीच बघता असं ऐकलं. बावीस हजार बाजूला काढलेत. त्यात मुलीचं काम होईल का?"

मी म्हटले, "होईल. पण आधी कार्ड बघायचं नाही, पेटी बघायची."

सोयरिकीत नाही का आपण मुलगी पाहण्याआधी घराणे विचारतो? इथे घराणे म्हणजे कॅबिनेटच्या आतला एक चौकोनी डबा. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतल्या विजेचा दाब कमी करून ती यंत्राच्या अवयवांना वाटून देण्याचे काम त्याचे. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो डबा फुकट येतो त्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असे लिहिलेले असते. ते वाचून हुरळून जाऊ नये. त्याच चिठ्ठीवर बारीक अक्षरांत एक कोष्टक असते. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर दिले आहेत ते पाहावे आणि त्या आकड्याला बाराने गुणावे. कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघेही जेवतात ते त्याच ताटात. आमच्या शेजाऱ्यांच्या डब्यावर १६ अँपिअर होते. म्हणजे १९२ वॅट. साडेचारशेचे एकदम दोनशेच्या आत आले! त्यातून प्रोसेसर, डिस्क, पंखे यांचे जेवण वजा केले तर नव्या पाहुण्यासाठी उरते किती? आणि अशा डब्याने दम टाकला तर तो एकटाच जात नाही, कधी कधी मदरबोर्डालाही बरोबर घेऊन जातो.

कार्डाची भूक दोन तऱ्हांनी भागते. मदरबोर्डावरच्या ज्या खाचेत ते बसते, ती खाच त्याला ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते आणि आठ पिनांची १५०. ती वायर आपल्या डब्याला आहे का, हे घरीच पाहून घ्यावे. कॅबिनेट उघडलेच आहे तर पट्टी घेऊन आतली लांबीही मोजावी. पुष्कळ जुन्या कॅबिनेटांत हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो, आणि आणलेले कार्ड दोन बोटे बाहेर राहते. मोजमापे कागदावर लिहावीत, चिठ्ठीचा फोटो घ्यावा, आणि मगच स्टेशनची वाट धरावी.

आम्ही एका शनिवारी दुपारी निघालो. प्रभादेवीला धीमी गाडी धरली की लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि मग ग्रँट रोड. तिथे पूर्वेला उतरले की लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव कागदोपत्री जाऊन डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आले. दुकानदारांच्या तोंडी मात्र जुनेच आहे. एके काळी हा रस्ता चित्रपटगृहांचा होता. १९७५ साली इथल्या मिनर्व्हात 'शोले' लागला तो पाच वर्षे हलला नाही. आज त्याच रस्त्यावर लोक घरच्या पडद्यावरचे चित्र सुधारण्यासाठी येतात.

पहिल्या दुकानात काचेमागे जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डे 'गेमिंग' अशी रंगीत पाटी लावून मांडली होती. भाव कमी म्हणून शेजाऱ्यांचा हात तिकडे गेला. ही दोन्ही नावे दहा वर्षांहून जुनी. जीटी ७१० साठी तर कंपनीने नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणे २०२१ सालीच थांबवले. जुना पडदा नुसता चालू करायला ती ठीक आहेत, कामाला नव्हेत. दुसऱ्या दुकानात एक वापरलेले आरएक्स ५८० दाखवले. हे २०१७ सालचे कार्ड आपल्या काळात चांगले होते. पण त्याच नावाखाली '२०४८ एसपी' अशी एक धाकटी जात फिरते, तिच्यात साचे कमी असतात. शिवाय त्याची भूक फार मोठी. आणखी एक गोम आहे. इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस राबवत असत. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांचे काम संपले आणि ती सगळी जुन्या बाजारात आली. त्यांतली काही धडधाकट आहेत, काही थकलेली. वापरलेले कार्ड घेऊच नये असे मी म्हणणार नाही. पण दुकानात चालवून दाखवल्याशिवाय आणि जीपीयू-झेड या छोट्या प्रणालीने त्याची जात तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या कार्डाला दुसऱ्याचे नाव चिकटवून विकण्याचे प्रकार सर्रास झालेले आहेत.

तिसऱ्या दुकानातला माणूस निराळा निघाला. आम्ही भाव विचारण्याआधीच त्याने विचारले, "एसएमपीएस कौनसा है?" मी फोटो पुढे केला. तो हसला आणि म्हणाला, "ये तो दिया जलाने के काम का है." मला तो तेव्हाच आवडला.

त्याने दोन कार्डे काढली. एक एएमडीचे आरएक्स ६६००, २०२१ सालचे, आठ जीबी मेमरीचे. दुसरे एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचे. इथे वाचकांनी जरा थांबावे, कारण आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची दोन भावंडे आहेत. थोरले २०२२ चे, आठ जीबी, २,५६० साचे, भूक १३० वॅट. धाकटे २०२४ चे, सहा जीबी, २,३०४ साचे, भूक फक्त ७० वॅट. खोक्यावर नाव तेच! त्यामुळे जीबीचा आकडा वाचल्याशिवाय भावाची तुलना करू नये.

खेळ खेळायचे असते तर मी डोळे मिटून आरएक्स ६६०० घ्या म्हटले असते; खेळांत ते या धाकट्या ३०५० च्या बरेच पुढे धावते. पण त्याला १३२ वॅट आणि आठ पिनांची वायर हवी. म्हणजे चांगला दणकट एसएमपीएस आला, आणि बावीस हजारांची रेघ ओलांडली गेली. शिवाय मुलीचे काम खेळाचे नव्हते. एनव्हिडियाने २००७ साली कुडा नावाची व्यवस्था आणली आणि कार्डाला चित्राबाहेरचीही गणिते करायला लावले. तेव्हापासून ब्लेंडरसारख्या प्रणालींची या कंपनीशी जुनी घसट आहे. एएमडी आणि इंटेलची कार्डेही ब्लेंडरला चालतात, पण रेंडरच्या कामात खेळांतले ते अंतर उरत नाही.

शेजाऱ्यांनी तेवढ्यात कोपऱ्यातल्या दोन स्वस्त कार्डांकडे बोट केले. इंटेलचे आर्क ए३८० मला एरवी आवडते. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने ते जरूर पाहावे. परंतु त्याला मदरबोर्डात रिसायझेबल बार नावाची सोय लागते, ती नसली तर ते रेंगाळते, आणि २०१८ च्या यंत्रात तिची खात्री नव्हती. आरएक्स ६४०० ची अडचण वेगळी. खाच असते सोळा पदरी रस्त्यासारखी. हे कार्ड त्यातले चारच पदर वापरते. नव्या यंत्रात ते खपून जाते, जुन्यात त्याची कोंडी होते.

शेवटी ३०५० चे धाकटे भावंड ठरले आणि उरलेल्या पैशांत त्या दिवा लावणाऱ्या डब्याला निरोप देणारा एक साधा, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस. हे कार्ड खाचेतल्या विजेवरच भागवून घेते, म्हणून मोठा डबा लागला नाही. दुकानाबाहेर शेजारी म्हणाले, "कार्डावर अजून चार हजार घातले असते तर?" मी म्हटले, "मग डबा जुनाच राहिला असता." ते काही बोलले नाहीत; पण गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

बसवणे अर्ध्या तासाचे काम. त्यात एकच गफलत वारंवार होते. पडद्याची वायर लोक सवयीने जुन्याच जागी, मदरबोर्डाला लावतात, आणि नवे कार्ड आत रिकामे बसून राहते. एका परिचितांच्या घरी ते दोन महिने असे बसले होते. मुलगा रोज कार्डाला नावे ठेवी. वायर कार्डाच्या पाठीमागच्या छिद्रात लावावी. ब्लेंडरमध्येही पसंतीच्या पानावर जाऊन कार्डाची निवड करावी लागते, नाहीतर काम पुन्हा हेडक्लार्काकडेच जाते. आमच्या खालच्या मजल्यावर हे दोन्ही नीट झाले. रात्रभर चालणारे चित्र आता जेवणे आटपेपर्यंत तयार होते, आणि चुकलेली खिडकी त्याच रात्री दुरुस्त होते.

भावाबद्दल दोन शब्द. गेल्या काही वर्षांत अशा साध्या नव्या कार्डांना साधारण बारा ते पंचवीस हजार पडत आले आहेत. पण २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपा महागल्या आहेत, तेव्हा गेल्या महिन्यातला भाव धरून जाऊ नये. दोन-तीन दुकानांत विचारावे, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न करावा: हा भाव बिलासह की बिलाविना? बिल नको म्हटले की जीएसटीचे १८ टक्के वाचवून देण्याची तयारी दाखवली जाते. ते वाचवू नयेत. कार्डाची हमी बहुधा तीन वर्षांची असते, आणि बिघाड झाल्यावर सेवा केंद्रात पहिली मागणी बिलाचीच होते. बिलावरचा सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि कार्डाच्या पाठीवरचा, असे तिन्ही दुकानातच ताडून पाहावेत. खोके माळ्यावर टाकावे आणि बिल वीजबिलांच्या फाइलीत लावावे. आमच्या शेजाऱ्यांनी ते देवघराच्या खणात ठेवले आहे, तिथेही चालेल.